कॅमेऱ्याशी नजर भिडत नाही

व्हिडिओ कॉलवर समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलायचा प्रयत्न करून पाहा. जमत नाही. आपण बघतो पडद्यावरच्या चेहऱ्याकडे आणि कॅमेरा असतो पडद्याच्या वर, त्यामुळे समोरच्याला आपली नजर किंचित झुकलेली दिसते. एरवी याने कुणाचं काही बिघडत नाही. पण मूल स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे का हे व्हिडिओ कॉलवरून ठरवायचं असेल, तर डॉक्टर नेमकं हेच बघत असतात, की ते नजरेला नजर देतं का.

दुसरी अडचण वेळेची. गप्पांमध्ये एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद लागतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, दहा भाषांच्या एका अभ्यासातून हे दिसलं. इंटरनेट जरा अडखळलं, की मूल उशिरा प्रतिसाद देतंय की आवाजच उशिरा पोचला, हे कळायला मार्ग नाही.

मग लांबून निदान करायचंच नाही का? २०२० मध्ये कोविडमुळे समोरासमोर बसणंच अवघड झालं. निदानाची ‘एडॉस’ ही नावाजलेली चाचणीही अडली, कारण परीक्षकाचा अर्धा चेहरा मास्कखाली गेला की तिचे प्रमाणित गुण देता येत नाहीत. त्या वेळी अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात तयार झालेली एक पद्धत बरीच वापरली गेली. ती आहे तीन वर्षांच्या आतल्या मुलांसाठी. तिच्यात डॉक्टर मुलाशी बोलतच नाहीत. ते आईबाबांना सांगतात: आता हाक मारा, आता लांबच्या वस्तूकडे बोट दाखवा, आता त्याच्या आवडीचा खेळ खेळा. मूल आईकडे बघतं का, हे कॅमेरा बाजूला राहून टिपतो आणि डॉक्टर सात प्रकारच्या वर्तनांना गुण देतात. नजरेचा पेच असा सुटतो. एवढ्यावरून निदान स्पष्ट होत नसेल, तर मुलाला प्रत्यक्ष बोलावणंच बरं.

उपचारांत मात्र पडद्याचा फायदाच होतो, असं मला वाटतं. मूल किंचाळतं, मारतं, ते कशासाठी? काम टाळायला, लक्ष वेधायला की हवी ती वस्तू मिळवायला? ते शोधून तीच मागणी खुणेने किंवा शब्दाने करायला शिकवायचं, अशी एक पद्धत आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या संशोधकांनी ती १०७ लहान मुलांवर तीन प्रकारे वापरली: थेरपिस्ट घरी जाऊन, पालकांना जवळच्या केंद्रात व्हिडिओवरून शिकवून आणि घरीच व्हिडिओवरून शिकवून. २०१६ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तिन्ही गटांत त्रासदायक वर्तन सरासरी ९० टक्क्यांहून जास्त घटलं आणि व्हिडिओवर खर्च कमी झाला. शिवाय किंचाळणं सुरू होतं ते घरातच, जेवणाच्या किंवा आंघोळीच्या वेळी. थेरपिस्टला ते तिथेच बघता येतं.

एडीएचडीवर, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा यांवर, औषध सुरू असेल, तर हिशेब पुन्हा बदलतो. मिथाइलफेनिडेट या औषधाने भूक मंदावते, नाडी आणि रक्तदाब वाढू शकतो. वजन, उंची, रक्तदाब कुणीतरी जवळ बसूनच मोजायला हवेत. ते न मोजता कॉलवर गोळ्या पुढे चालू ठेवणं म्हणजे चक्क निष्काळजीपणा.

व्हिडिओवरून मिळणाऱ्या या सेवेचा दर्जा सांगताना ‘पालक समाधानी आहेत’ हे फार ऐकू येतं. दिवसभराचा प्रवास वाचल्यावर कोण समाधानी होणार नाही? मूल आता मागणी करायला शिकलं का, निदानाची वाट बघण्यात किती महिने गेले, हे विचारायला हवं. आणि स्वमग्न प्रौढांना आणखी एक प्रश्न: कॅमेरा बंद ठेवून, टाइप करून बोललेलं तुम्हाला सोपं जाईल का? काहींना स्वतःचाच चेहरा तासभर पडद्यावर बघणं थकवून टाकतं.