तुंबलाय की गळतोय? एअरब्रशच्या कपातले बुडबुडे

एअरब्रश म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारं, पेनासारखं धरायचं अवजार. त्याच्या कपातला, म्हणजे रंगाच्या वाटीतला, रंग बुडबुडायला लागला, की नवशिके बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट करतात. एकतर सगळा ब्रश खोलून थिनरमध्ये टाकतात, नाहीतर पाना घेऊन नॉझल, म्हणजे रंग बाहेर सोडणारी टोकाची बारीक नळी, आवळतात. पहिल्यात संध्याकाळ जाते, दुसऱ्यात नॉझल जातं. लक्षण एकच असलं तरी कारणं दोन आहेत. पुढचं तोंड तुंबलेलं असतं, किंवा नॉझलच्या बुडाशी हवा गळत असते. तुंबलेल्याला सफाई हवी, गळक्याला सील.

ड्युअल ॲक्शन ब्रशमध्ये ट्रिगर खाली दाबला की हवा सुटते, मागे ओढला की सुई मागे सरकून रंगाला वाट मिळते. रंग नॉझलच्या आतून येतो, हवा नॉझलच्या बाहेरून. दोघांची गाठ पडते थेट टोकाशी, नॉझलवर बसणाऱ्या टोपीच्या म्हणजे कॅपच्या आत. तिथून वेगाने निघणाऱ्या हवेमुळे दाब कमी होतो आणि रंग पुढे ओढला जातो. कपात हवा दिसली, याचा अर्थ ती रंगाच्या वाटेवर शिरली. शिरायला जागा दोनच: टोकाकडून उलटी, नाहीतर बुडाकडून चोरवाटेने.

कुठून शिरली ते शोधायला पाना लागत नाही, पाणी लागतं. कप रिकामा करून स्वच्छ पाणी ओता. ट्रिगर मागे ओढू नका, फक्त खाली दाबा. सुई नॉझलमध्ये नीट टेकलेली असेल तर टोकाचं भोक आता बंद आहे. तरीही बुडबुडे आले तर हवा बुडाकडून येते आहे: नॉझल सैल आहे, सील झिजलंय किंवा नॉझललाच चीर गेली आहे. नुसतं दाबल्यावर शांत आणि मागे ओढल्यावर बुडबुडे, असं असेल तर संशय कॅपवर घ्यायचा. कॅपच्या भोकात रंग सुकून बसला की हवेला पुढे जाता येत नाही, मग ती उघड्या नॉझलमधून मागे फिरते. बॅकफ्लश करताना, म्हणजे हवा उलटी फिरवून ब्रश आतून साफ करताना, कापडाने तोंड दाबून आपण मुद्दाम हेच घडवतो. चाचणी घेण्याआधी सुई पूर्ण पुढे गेली आहे ना, हे मात्र बघा. ती अर्धवट मागे राहिली असेल तर टोक बंदच होत नाही आणि निकाल चुकतो.

रंग नॉझलच्या आतच अडकला असेल तर बुडबुडे सहसा येतच नाहीत. हवा ठणठणीत येते, रंग बारीक होत जातो, रेघ मिळवायला ट्रिगर जास्त जास्त ओढावा लागतो. ॲक्रिलिकमध्ये सुईच्या टोकावरही रंग वाळतो. ओल्या कुंचल्याने टोक पुसल्यावर काम सुरळीत चाललं, तर काहीही खोलायची गरज नाही.

यापेक्षाही भरवशाचा पुरावा म्हणजे वेळ. बिघाड रंगवता रंगवता, हळूहळू आला असेल तर तो जवळजवळ नक्की घाणीचा. साफ करून, जोडून परत हातात घेतल्याबरोबर सुरू झाला असेल तर जोडणीचा. जे ब्रश "परवाच साफ केला आणि आज बिघडला" म्हणून दाखवायला आणले जातात, त्यांत बरेचदा नॉझल तिरकं बसलेलं असतं. तरी मालक आणखी एकदा थिनर ओततो!

तुंबलेल्याचं काम सरळ आहे. कॅप काढून थिनरमध्ये भिजवा, नॉझलमधला रंग मऊ कुंचल्याने किंवा कापसाच्या काडीने काढा. पाण्यात मिसळणारं ॲक्रिलिक एकदा वाळलं की पाण्याने सुटत नाही. त्याला एअरब्रश क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं. दोन्ही खिडकी उघडून, ज्योतीपासून लांब वापरा. टाचणी नॉझलमध्ये घालू नका. 0.2 किंवा 0.3 मिमीचं भोक एका ओरखड्याने वाकडं फवारायला लागतं. लॅकर थिनरने रंग पटकन सुटतो, पण सांधे हवाबंद ठेवणाऱ्या साध्या रबरी कड्या (ओ-रिंग) त्यात फुगतात. म्हणून धातूचे भाग भिजवायचे आणि अख्खा ब्रश कधीच बुडवायचा नाही. नाहीतर तुंबलेला ब्रश साफ करताना हातात गळका येतो.

गळक्या ब्रशमध्ये आधी नॉझल कसं बसवलंय ते पाहा. स्वस्त चिनी ब्रशमध्ये बहुधा आट्यांचं चिमुकलं नॉझल असतं आणि त्यासाठी डब्यात छोटासा पाना येतो. तो पाना म्हणजे एक मोहच. आधी बोटांनी फिरवून टेकेपर्यंत आणा, मग पान्याने किंचित. जोर लावला तर आटे जातात किंवा नॉझल मानेशी तुटतं आणि तुकडा बॉडीत अडकतो. त्यापेक्षा आट्यांवर मधमाशीच्या मेणाचा पातळ हात फिरवा. बारीक गळती तेवढ्याने थांबते. टेफ्लॉन टेपचा तंतू सुटून वाटेत अडकू शकतो, म्हणून ती इथे नकोच. इवाटा एक्लिप्स किंवा हार्डर ॲन्ड स्टीनबेक इव्होल्यूशन या मॉडेलांचं नॉझल आट्यांवर फिरवायचं नसतं, नुसतं जागेवर ठेवायचं असतं. त्याला आवळण्याचा प्रश्नच येत नाही. तिथे बसायची जागा स्वच्छ आहे का आणि पुढचा भाग पुरता फिरवलाय का, एवढंच बघायचं.

गळती नेमकी कुठे आहे ते कळत नसेल तर रिकाम्या ब्रशचं फक्त डोकं पाण्यात धरून हवा सोडा. कॅपच्या तोंडातून फुगे येणारच; सांध्यातून आले तर तीच जागा. ट्रिगर न दाबताही हिस्स ऐकू येत असेल तर नॉझलला दोष देऊ नका, खालचा हवेचा व्हॉल्व्ह बघा.

पावसाळ्यात मुंबई-कोकणात तिसराच घोळ होतो. कॉम्प्रेसरमध्ये दमट हवेतलं पाणी साचतं आणि फवाऱ्यातून थेंब उडतात. पेणच्या कारखान्यांत गणपतीची रंगकामं नेमकी याच दिवसांत चालतात. या थेंबांचा तुंबण्याशी किंवा गळण्याशी संबंध नाही. नळीवर हवेतलं पाणी अडवणारा मॉइश्चर ट्रॅप बसवायचा आणि टाकीतलं पाणी सोडत राहायचं.

उरली चिरलेल्या नॉझलची गोष्ट. भिंगाखाली टोक फाटलेलं किंवा कर्ण्यासारखं पसरलेलं दिसलं की दुरुस्ती नाही, नवंच घ्यायचं. नवं बसवण्याआधी सुई काचेवर गडगडवून बघा. टोक थरथरलं तर सुई वाकडी आहे आणि बहुधा तिनेच जुनं नॉझल फाडलंय. किंचित वाकलेली सुई काचेवर दाबून फिरवत, 2000 ग्रिटच्या, म्हणजे अगदी बारीक, पॉलिश पेपरने सरळ होते. जास्त वाकली असेल तर सुई आणि नॉझल दोन्ही एकाच मॉडेलचं, एकाच मापाचं आणा. 0.3च्या नॉझलात 0.5ची सुई घातली तर ती नीट टेकत नाही.