तासावरची सायकल: पेठांमधल्या एका धंद्याची पार्श्वभूमी

पुण्यात भाड्याच्या सायकलींचा विषय निघाला की कुणीतरी हमखास सांगतं की ही कल्पना इथे 2017 मध्ये आली. 2017 मध्ये आलं ते मोबाइलवरून सायकल भाड्याने घ्यायचं अ‍ॅप. सायकल तासावर देणं हा तर इथल्या पेठांमधला पिढ्यानपिढ्यांचा धंदा होता, पिठाची गिरणी, लाकडाची वखार, इस्त्रीवाला, वाचनालय यांच्याच रांगेत बसणारा, आणि तो नेमका कशावर चालायचा हे कुणी नीट विचारलंच नाही म्हणून ती अ‍ॅपवरची नवी योजना फसली असं माझं मत आहे. त्यामुळे हे जरा सविस्तर लिहितोय.

फार मागे जात नाही. इंग्रजांच्या काळात सायकली विलायतेहून यायच्या, रॅले, हंबर, बीएसए वगैरे, आणि त्या परवडणारी माणसं मोजकी. स्वातंत्र्यानंतर देशी कारखाने उभे राहिले, 1951 मध्ये सोनीपतला अ‍ॅटलास, 1956 मध्ये लुधियानाला हीरो, मद्रासची हर्क्युलस होतीच, आणि मग कारकून, मास्तर, कामगार यांच्या हातात सायकल आली. आपलं गाव तिच्यासाठीच बांधल्यासारखं होतं. शनिवारवाड्यापासून स्वारगेट जेमतेम अडीच-तीन किलोमीटर, मधे चढ असा नाही, ऊन मुंबईसारखं चिकट नाही. खडकीच्या कारखान्यांची पाळी सुटली की रस्ताभर सायकलीच दिसायच्या आणि एस. पी., फर्ग्युसन कॉलेजांच्या सायकल स्टँडवर आपली सायकल ओळखायला हँडलला रुमाल बांधायला लागायचा. सायकलींचं शहर हे नाव त्यातून पडलं.

इथे बिल्ला या शब्दाचा गोंधळ सोडवून टाकतो, कारण जुन्या माणसांशी बोलताना तो हटकून होतो. पालिका सायकलवर कर घ्यायची आणि तो भरल्याची खूण म्हणून धातूचा छोटा बिल्ला द्यायची, त्याच्यावर वर्ष कोरलेलं, आणि दर वर्षी आकार वेगळा, म्हणजे लांबूनच कळावं की यंदाचा कर भरलाय की नाही. हा एक बिल्ला. टॉकीजच्या किंवा मंडईच्या सायकल स्टँडवर सायकल लावली की पितळेचा किंवा पत्र्याचा नंबर मिळायचा, जोडीतला एक सायकलला अडकवायचा आणि एक आपल्या खिशात, त्यालाही बिल्लाच म्हणायचे. आणि भाड्याच्या दुकानातल्या सायकलीच्या मडगार्डवर दुकानाचं नाव आणि आकडा रंगवलेला असायचा, आम्ही पोरं त्या आकड्यालाही बिल्ला म्हणायचो, "सात बिल्ल्याची दे, तिचे ब्रेक लागतात". त्यामुळे कुणी आजोबा म्हणाले की बिल्ला हरवला म्हणून पोलिसाने धरलं, तर तो पहिला, आणि बिल्ला हरवला म्हणून पिक्चर सुटल्यावर अर्धा तास उभं राहावं लागलं, तर तो दुसरा. पोलीस आणखी दोन गोष्टींसाठी धरायचे, रात्री दिवा नसणं आणि डबलसीट. दिवा म्हणजे आधी रॉकेलचा, मग डायनामो आला, आणि डायनामो टायरला टेकवला की सायकल जड व्हायची म्हणून पोलीस दिसेपर्यंत तो कुणी टेकवायचं नाही.

भाड्याच्या दुकानांचा मला माहीत असलेला काळ म्हणजे सत्तरचं दशक आणि ऐंशीची पहिली काही वर्षं. आम्ही जायचो ते दुकान सदाशिव पेठेत नागनाथ पारापासून चिमण्या गणपतीकडे जाताना एका वाड्याच्या ओट्यावर होतं. दुकान म्हणजे काय, चार फळ्या, दोन पंप, पाण्याचं घमेलं, भिंतीला टांगलेल्या टायरी, आणि रस्त्याच्या कडेला एकमेकींना टेकून उभ्या दहा-बारा सायकली. मोठ्या माणसांच्या बावीस-चोवीस इंची वेगळ्या, पोरांच्या लहान वेगळ्या. पोरांच्या सायकलींना कॅरियर नसायचा, घंटी नसायची, चेनकव्हरही बहुतेकदा नाहीच. कॅरियर नाही म्हणजे डबलसीट बसता येत नाही आणि सुटे भाग नाहीत म्हणजे चोरीला जायला काही नाही, असा तो साधा हिशोब होता.

भाडं तासाला चार आणे होतं, पुढे पन्नास पैसे झालं. अर्धा तासही मिळायचा. मे महिन्यात सकाळी सातपासून रांग, कारण ऊन चढायच्या आत शिकून घ्यायचं असायचं, आणि लहान सायकली तीनच. मोठी मिळाली तर दांडीखालून पाय घालून हाफ पेडल मारत शिकायचं, सगळं अंग एका बाजूला कललेलं, उजवा हात सीटवर किंवा दांडीवर. दोघांत एक तास घ्यायचा आणि पाराला एक फेरी तुझी एक माझी असं चालायचं. करमणूक म्हणून विचाराल तर त्या वयात पिक्चरच्या खालोखाल हीच, आणि पिक्चरला घरून परवानगी लागायची, हिला नाही.

आता मुख्य मुद्दा. त्या दुकानात डिपॉझिट नव्हतं. ओळखपत्र दहा वर्षांच्या पोराकडे कुठून असणार. होती ती एक लांबट वही, लाल कापडी पाठीची. मालक चष्मा वर करून विचारायचे, "कुठला रे तू?" मग वाड्याचं नाव सांगायचं, वडील काय करतात ते सांगायचं, आणि ते लिहायचे: सायकल नंबर, वाडा, कोणाचा, किती वाजता. पोराचं स्वतःचं नाव बरेचदा लिहिलेलंच नसायचं, "थोरल्या वाड्यातला, पोस्टातल्यांचा धाकटा" एवढ्यावर भागायचं. वाडाच माहीत नसेल तर दुसऱ्या कुणालातरी घेऊन ये म्हणायचे, म्हणजे जामीन. मी एकदा पेरूगेटापाशी पुढचं चाक हातगाडीखाली घालून वाकडं केलं आणि भीतीने सायकल दुकानाबाहेर टेकवून पळून आलो. संध्याकाळी मालक स्वतः घरी आले, चहा घेतला, रिमची किंमत सांगितली नाही, फक्त आऊट काढायची, म्हणजे वाकडं चाक सरळ करायची, मजुरी घेतली, आणि जाताना मला म्हणाले उद्या ये, चाक कसं सरळ करतात ते दाखवतो. दुसऱ्या दिवशी गेलो. सायकल उलटी केली होती, चाक फिरवून त्याला खडू टेकवला, जिथे खडू लागेल तिथल्या ताराच आवळायच्या, एक इकडची ढिली एक तिकडची घट्ट, पाव फेऱ्याहून जास्त नाही. तासभर चाललं ते. आजही मला चाकाचा आऊट काढता येतो.

हे आठवण म्हणून सांगत नाहीये. त्या धंद्याची सगळी बांधणी यावर होती की दुकानदार, गिऱ्हाईक आणि सायकल तिघंही चालत जाण्याच्या अंतरात राहतात. सायकल मोडली तर दुरुस्त करणारा तोच, पैसे बुडाले तर वसूल कुठून करायचे ते त्याला माहीत, पोराने त्रास दिला तर आई कोण ते माहीत.

ती बांधणी सुटत कशी गेली हे बघायचं तर लोक स्कूटरला दोष देतात, आणि तो आहेच, 1972 मध्ये लूनाही आली आणि चेतकही, चेतकसाठी तर वर्षानुवर्षं नंबर लावून बसायला लागायचं. पण त्याआधी 12 जुलै 1961 आहे. पानशेतचं धरण फुटलं, नदीकाठच्या पेठांमधले वाडे पडले आणि माणसं गोखलेनगर, सहकारनगर अशी लांब लांब राहायला गेली. गंमत बघा, याने आधी सायकल वाढली, कारण नोकरी गावात, शाळा गावात आणि घर चार किलोमीटरवर. पण दुकानदाराच्या वहीतले वाडे कमी झाले. नव्या वसाहतीत कोण कुठून आलंय हे कुणालाच माहीत नव्हतं, तिथल्या दुकानांत पहिल्यापासून घड्याळ किंवा पैसे ठेवून घ्यायची पद्धत पडली असं तिकडचे मित्र सांगायचे. मग नव्वदच्या आसपास सनीसारख्या छोट्या गाड्या आल्या, सोळाव्या वर्षी पन्नास सीसीचं लायसन मिळायला लागलं, क्लासला जाणारी मुलं सायकलवरून थेट गाडीवर गेली, आणि त्यांच्या धाकट्या भावंडांना आईबाप वाढदिवसाला स्वतःची सायकल घेऊन द्यायला लागले. उरलेले वाडे पाडून इमारती झाल्या, ओटे गेले, त्या जागी पार्किंग आलं. दहा-बारा सायकली उभ्या करायला फुकटची जागा लागते, ती कुठे राहिली.

रस्त्यांचंही सांगायला हवं. 2006 च्या डिसेंबरात बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, सुरू झाली तेव्हा सातारा रस्त्याला कडेने सायकल ट्रॅक केले होते. फरसबंदी, मधेच विजेचा खांब, मधेच विजेची डीपी पेटी, आणि पुढे टपरी. ज्यांनी ते वापरून बघितले ते पुन्हा रस्त्यावर आले. 2018 पर्यंत शहरातल्या गाड्यांची नोंद 36 लाखांच्या वर जाऊन लोकसंख्येच्या पुढे निघाली.

अशा शहरात 2017 च्या डिसेंबरमध्ये अ‍ॅपवरच्या सायकली आल्या, आधी विद्यापीठाच्या आवारात आणि औंधला. शब्द आला सायकल शेअरिंग. शेअरिंग म्हणजे वाटून घेणं, आम्ही दोघांत एक तास घ्यायचो ते. इथे कंपनीची सायकल, तिचं कुलूप, तिचं भाडं, मग ते भाडंच झालं, आणि भाडं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आपोआप आला असता की ज्यांनी इतकी वर्षं सायकली भाड्याने दिल्या त्यांना कुणी बोलावलं का. करार झाले ते कंपन्यांशी. योजनेच्या बाजूने बोलणाऱ्यांचंही एक म्हणणं खरं आहे ते मी मान्य करतो, जुन्या दुकानात सायकल घेतली तिथेच परत आणायला लागायची, बसस्टॉपपासून घरापर्यंत जाऊन तिथेच सोडून द्यायची सोय त्या पद्धतीत बसत नाही. आणि दुकान रात्री बंद. तेवढ्यापुरतं अ‍ॅप चांगलंच होतं. भाडंही कमी होतं, अर्ध्या तासाला एखादा रुपया. पहिल्या काही महिन्यांत मी स्वतः पहाटे औंधला पिवळी सायकल चालवलीय, हलकी होती, बरी होती.

पण वर्ष-दीड वर्षात त्या सायकलींची काय दशा झाली ती सगळ्यांनी बघितली. नदीत, गटारात, सोसायटीच्या आत खासगी कुलूप लावलेल्या, सीट उपटलेल्या. 2018 मध्येच एक कंपनी देश सोडून गेली, पाठोपाठ बाकीच्यांनी आवरतं घेतलं. तेव्हा चर्चा झाली ती पुणेकरांना शिस्त नाही यावर, आणि मला तिचा खरंच राग येतो, कारण याच गावात पोरांना वहीतल्या एका ओळीवर सायकली दिल्या जात होत्या आणि त्या परत येत होत्या. फरक असा की पंक्चर झालेली अ‍ॅपची सायकल समोर पडली तर ती कुणाची, कुणाला सांगायची, पंप कुणाकडे, याचं उत्तर रस्त्यावर उभ्या माणसाकडे नव्हतं. प्रत्येक पेठेत त्या वेळी दोन-चार तरी पंक्चरवाले होते. पाच सायकली त्याच्या दारात ठेवायच्या, हवा-पंक्चर त्याच्याकडे, त्याबद्दल त्याला महिन्याला ठरावीक पैसे, इतकी साधी गोष्ट करून बघायला हवी होती. अ‍ॅप ठेवून करता आली असती.

आमच्या त्या ओट्याच्या जागी आता पाच मजली इमारत आहे. खालच्या गाळ्यांपैकी एकात मालकांचा पुतण्या बसतो, मुख्य काम दुचाक्यांच्या ट्यूबलेस टायरचं, कॉम्प्रेसरची हवा. सायकलीही करतो, मे महिन्यात जास्त येतात असं म्हणाला, वर्षभर गॅलरीत पडलेल्या असतात त्यामुळे टायर वाळून चिरलेले. भाड्याने देतोस का विचारलं तर मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे एक लहान सायकल टांगलेली होती, मडगार्डवर सात आकडा अजून वाचता येतो.