उजेड वेगळा, ऊन वेगळं: घर-ऑफिसचं काम काढण्याआधी एवढं समजून घ्या

नागपुरात सध्या ज्याला पाहावं तो रिनोव्हेशन काढून राहिला आहे, धरमपेठ-लक्ष्मीनगरातले जुने फ्लॅट असोत की वर्धा रोडवरची नवी ऑफिसं. आणि सगळ्यांची पहिली मागणी एकच: भरपूर उजेड पाहिजे, आत आल्यावर प्रसन्न वाटलं पाहिजे. इथवर एकदम बरोबर. पण लगेच पुढचं वाक्य येतं, "म्हणून पश्चिमेची भिंत काढून पूर्ण काच टाकतो," आणि तिथे मला थांबवावंच लागतं, कारण मागितला उजेड आणि ऑर्डर दिली उन्हाची. हा घोटाळा इतक्या ठिकाणी पाहिलाय, चांगले पैसे घेणाऱ्या डिझायनरांकडूनही, की एकदा नीट लिहूनच टाकतो.

ऊन म्हणजे काय ते नागपूरकराला सांगायची गरज नाही. मे महिन्यात ४५ च्या पुढे पारा जातो, दुपट्टा बांधल्याशिवाय गाडी काढत नाही आपण. सूर्याचा थेट किरण, एवढंच लक्षात ठेवा.

उजेडाकडे मात्र कोणी नीट पाहत नाही. सूर्य ज्या बाजूला नाही त्या बाजूचं आकाशही दिवसभर उजळलेलं असतं, समोरच्या भिंतीवरून, झाडावरून, जमिनीवरून प्रकाश परतून येत असतो, आणि खोलीत काम करायला, वाचायला, गप्पा मारायला जो लागतो तो हा प्रकाश. ओळखायची सोपी रीत सांगतो. खिडकीपाशी पांढरा कागद धरा, त्यावर हात धरा. हाताची सावली कापल्यासारखी स्पष्ट पडली तर ते ऊन, कडा विरलेली फिकी सावली पडली तर तो उजेड. फ्लॅट घेताना किंवा ऑफिसची जागा पाहताना हे करून पाहा, आणि सकाळी ११ ला नाही, दुपारी ४ ला. ब्रोकर तुम्हाला सकाळीच नेईल.

आता मुद्द्याचं. लोकांना वाटतं की ऊन म्हणजे जास्त उजेड, म्हणजे दोन्ही एकाच पट्टीवर, ऊन फक्त वरच्या टोकाला. आकड्यांत ते तसं आहेही, पण डोळा तसा चालत नाही. ऑफिसच्या टेबलावर ३०० ते ५०० लक्स (जागेवर किती प्रकाश पडतो त्याचं माप) प्रकाश पुरतो. बाहेर भर उन्हात १ लाखाच्या आसपास असतो. मे महिन्यात दुपारी ४ ला साध्या काचेतून जो उन्हाचा पट्टा तुमच्या फरशीवर येतो तो ३०-४० हजारांच्या घरात, म्हणजे टेबलाला लागतो त्याच्या शंभरपट. डोळा त्या पट्ट्याशी जुळवून घेतो, बाहुली बारीक होते, आणि मग उरलेली खोली काळोखी वाटायला लागते, जरी तिथे चांगला पुरेसा प्रकाश असला तरी. लॅपटॉपच्या स्क्रीनवर काही दिसत नाही. मग माणूस काय करतो, उठतो, ब्लाइंड खाली ओढतो, आणि आता खरंच अंधार झाला म्हणून ट्यूब लावतो. एप्रिल-मेमध्ये दुपारी ३ ला कुठल्याही पश्चिमेच्या काचेच्या ऑफिसात जाऊन पाहा: पडदे बंद, सगळे पॅनल लाइट चालू, एसी फुल्ल. काचेवर लाखो रुपये घातले आणि आतली माणसं दिवसभर ट्यूबलाइटखाली बसून राहिली. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण त्या माणसांना उजेड देण्यासाठीच तर ती काच लावली होती.

वर उष्णतेचा हिशेब वेगळा. सूर्याच्या ऊर्जेतला निम्मा भाग डोळ्याला दिसतच नाही, तो नुसता तापवतो. ६ बाय ७ फुटांची साधी पारदर्शक काच पश्चिमेला असली तर उन्हाळ्यातल्या दुपारी तिच्यातून दीड-दोन किलोवॅट उष्णता आत येते. १ टनाचा एसी साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढतो, म्हणजे अर्धा टन एसी केवळ त्या एका काचेपायी. आकाशाच्या उजेडात तेवढ्याच प्रकाशामागे उष्णता बरीच कमी येते. म्हणून "उजेड हवा तर गरमी सोसावी लागेल" हे जे लोक धरून चालतात ना, ते चूक आहे, उन्हाला ते लागू पडतं, उजेडाला नाही.

मला वाटतं हा घोळ फोटोंमधून आलाय. पांढऱ्या भिंती, लाकडी फ्लोअर, जमिनीपासून छतापर्यंत काच, सोफ्यावर कोवळं ऊन, असले फोटो सगळे मोबाइलमध्ये घेऊन येतात आणि ते बहुतेक उत्तर युरोपातले असतात. स्टॉकहोममध्ये डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ७ अंश वर येतो. त्यांना ऊन दुर्मीळ आहे, ते बिचारे प्रत्येक किरण गोळा करतात, आणि त्यांच्या जागी ते अगदी योग्य आहे. आपण २१ अंश अक्षांशावर. आपल्याकडे डिसेंबरातही दुपारी सूर्य ४५ अंशांवर असतो, आणि मेच्या शेवटी तर बरोबर डोक्यावर. तिथली खिडकी जशीच्या तशी बेसा-मनीषनगरात आणून लावली तर काय होणार.

दिशांचं बोलू, कारण इथे दुसरी गडबड आहे. लोक दक्षिणेला घाबरतात आणि पश्चिमेला "सनसेट व्ह्यू" म्हणून जास्तीचे पैसे देतात. उलटं पाहिजे. दक्षिणेच्या खिडकीवर २ फुटांचा छज्जा असला तर मार्चच्या मध्यापासून दुपारचं ऊन खिडकीच्या आत शिरतच नाही, सूर्य इतका उंच असतो की छज्ज्याची सावली ५ फूट खाली येते. मेच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत तर दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेलाच असतो. दक्षिणेकडून ऊन आत येतं ते हिवाळ्यात, जेव्हा ते हवंच असतं. म्हणजे फुकटात हवामान कळणारी खिडकी. पश्चिमेला तोच २ फुटांचा छज्जा घ्या: मेमध्ये ४ वाजता त्याची सावली दीड फूट, ५ वाजता जेमतेम १० इंच, आणि खाली ४ फुटांची खिडकी उघडी. छज्जा वाढवून काही होत नाही कारण सूर्य समोरून, खालून येतो. आणि आपल्याकडे घड्याळातले १२ म्हणजे सूर्याचे १२ नाहीत, तो माथ्यावर यायला सव्वाबारापर्यंत जातात, म्हणजे संध्याकाळी ६ लाही पश्चिमेचं ऊन चांगलं तिखट असतं. उत्तर सगळ्यात उत्तम, वर्षभर शांत, एकसारखा उजेड, उन्हाळ्यात फक्त सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन शिवून जातं. माझं मत विचाराल तर उत्तरेची खिडकी दुप्पट करा, दक्षिणेची ठेवा, पूर्वेची ठेवा पण पडद्यासकट, आणि पश्चिमेला शक्य तेवढं कपाट, बाथरूम, जिना.

आधीच पश्चिमेला काच आहे आणि ती बदलता येत नाही, असं असलं तर सावली बाहेरून करा. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येकजण आतून जाड पडदा लावतो. किरण एकदा काचेच्या आत आला की उष्णता आली, पडदा तापतो आणि तीच गरमी खोलीत सोडतो, त्यातली थोडीच परत बाहेर जाते. बाहेरून बांबूची चिक सोडा, उभ्या पट्ट्या लावा, बाल्कनी असेल तर वेल चढवा. उन्हाळ्यापुरती चिक आणि पावसाळा लागला की गुंडाळून वर, यात लाज वाटण्यासारखं काय आहे? सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या बंगल्यांचे खोल व्हरांडे पाहा, महालातल्या वाड्यांचे चौक पाहा. चौकात वरून आकाशाचा उजेड पडतो आणि भिंतीच सावली धरतात, दुपारी आत वाचता येतं आणि अंगावर ऊन नाही. हे सगळं आपल्याकडे होतंच, नवं काही शोधायचं नाहीये.

काचेचं. दुकानात गेलात की शेड दाखवतात, निळी, ब्राउन, ग्रे. शेड पाहू नका, दोन आकडे विचारा: व्हीएलटी, म्हणजे प्रकाश किती टक्के आत येतो, आणि एसएचजीसी, म्हणजे उष्णता किती आत येते. साधी ६ मिलिमीटरची पारदर्शक काच ८८ टक्क्यांच्या आसपास प्रकाश आणि ८० टक्क्यांच्या वर उष्णता घेते. ब्राउन काच प्रकाश जवळपास निम्मा करते पण उष्णता त्या मानाने कमी करत नाही, स्वतः तापते आणि आत फेकते, म्हणजे उजेडही गेला आणि गरमीही राहिली. ती ब्राउन फिल्म तर मला बघवत नाही, बाहेर पावसाळी दिवस आणि आत सुतक असल्यासारखं. चांगली लो-ई डबल काच (उष्णता अडवणारा पातळ थर दिलेली दुहेरी काच) मिळते जी ५० टक्के प्रकाश देऊन उष्णता ३० टक्क्यांच्या खाली ठेवते, महाग आहे, म्हणून घरात सगळीकडे नको, जिथे ऊन टाळताच येत नाही तिथेच लावा. बाकी उत्तरेला साधी पारदर्शक काच. आकडे विचारल्यावर दुकानदार "सगळी एकच आहे हो भाऊ" म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जा.

आणि कूलर! अर्ध्या नागपूरचा उजेड कूलरने खाल्लाय. मार्चला खिडकीत बसवला की काही घरी दिवाळीपर्यंत तिथेच, आणि नेमका तो त्या एका चांगल्या उत्तरेच्या खिडकीत, कारण ती बाजू गार. रिनोव्हेशन काढलंच आहे तर कूलरसाठी सिलखाली वेगळी जागा ठेवून घ्या, स्टँड आणि पाण्याच्या पाइपसकट, वरची तावदानं मोकळी राहतील. वरचीच महत्त्वाची असतात. उजेड खोलीत किती आत जातो हे खिडकीच्या वरच्या कडेवर ठरतं, ती जमिनीपासून ७ फुटांवर असेल तर साधारण १४-१७ फूट आतपर्यंत कामाचा उजेड पोचतो. म्हणून खिडकी खाली वाढवून उपयोग नाही, वर वाढवा. खालच्या काचेतून फक्त फरशी उजळते. आणि म्हणूनच खिडकीजवळ पीओपीचं फॉल्स सीलिंग खाली उतरवणं मला अजिबात पटत नाही, कोव्ह लाइटच्या (सीलिंगच्या कडेत लपवलेल्या दिव्यांच्या) हौसेपायी वरचा एक फूट उजेड बंद करून टाकतात.

सीलिंग पांढरं ठेवा, मॅट. भिंतीही फिक्या. सध्या ग्रे भिंतींची लाट आहे, फोटोत छान दिसतात, पण गडद ग्रे आलेल्या प्रकाशातला फार थोडा परत देतो. चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल खिडकीसमोर नको, आरशासारखी डोळ्यात येते.

दिव्यांचं थोडक्यात, कारण यावर सगळीकडे लिहिलेलं आहे. वॉट म्हणजे वीज किती खातो, लुमेन म्हणजे प्रकाश किती देतो, केल्विन म्हणजे रंग पिवळट की निळसर. घरी ३०००, ऑफिसात ४०००, ६५०० कुठेच नको. पाकिटावर सीआरआय, म्हणजे त्या प्रकाशात रंग किती खरे दिसतात तो आकडा, ९० च्या पुढे दिसला तर थोडे पैसे जास्त द्या, भाजी आणि माणसाचा चेहरा दोन्ही नीट दिसतात.

ऑफिसवाल्यांसाठी शेवटचं. पश्चिमेच्या काचेला लागून साहेबांची केबिन करू नका. तिथे पॅसेज काढा, पॅन्ट्री, प्रिंटर, फायलींची कपाटं ठेवा, म्हणजे उन्हाचा पट्टा चालण्याच्या जागेवर पडेल आणि मागच्या टेबलांना परतून आलेला मऊ उजेड मिळेल. टेबलं काचेकडे तोंड करून किंवा पाठ करून नाही, काचेला काटकोनात, खिडकी डाव्या-उजव्या हाताला. आणि केबिनच्या पार्टिशनला दरवाज्याच्या वर छतापर्यंत साधी काच घ्या, फ्रॉस्टेडचा पट्टा हवा असेल तर डोळ्यांच्या उंचीवर पुरे, म्हणजे काठावरचा उजेड मधल्या, बिनखिडकीच्या टेबलांवर बसणाऱ्या नव्या पोरापोरींपर्यंतही पोचेल.