२०० तास झाले म्हणजे कॅप्टन? नाही बावा!

नागपुरात विमानतळाजवळच्या सोनेगावकडच्या चहाटपरीवर हे हमखास ऐकू येते, की पोट्ट्याचे विमान उडवायचे २०० तास झाले, सीपीएल (कमर्शियल पायलटचं लायसन) हाती आलं, आता छोट्या चार्टर (भाड्यानं विमान देणाऱ्या) कंपनीत डायरेक्ट कॅप्टन. चूक आहे हे. २०० तास फक्त लायसनसाठी, पुढे जे विमान उडवायचं त्याचं टाइप रेटिंग (त्याच मॉडेलचं ट्रेनिंग अन् परवानगी) वेगळं, अन् सुरुवात को-पायलट म्हणून उजव्या सीटवर. एटीपीएलला (मोठ्या विमानाचा कॅप्टन व्हायला लागणारं वरचं लायसन) १५०० तास लागतात, ते चार्टरमध्ये हळूहळू जमतात, कारण गिऱ्हाइकाला सकाळी मुंबईला सोडलं अन् संध्याकाळपर्यंत तिथंच बसून राहिलं तरी लॉगबुकात येण्याजाण्याचे तीन-साडेतीन तासच चढतात, वाट पाहण्याचे शून्य. वरून बॅगा चढवणं, लोडशीट (विमानातल्या वजनाचा हिशोब), फ्लाइट प्लॅन, जेवणाचे डबे आले का बघणं, सगळं को-पायलटच्याच गळ्यात (हे घरी कोणी सांगत नाही).