खिडकीजवळचं पान : रस्टमधली यादी आणि आतून होणारा बदल

माझा भाचा इथेच इंदूरला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. परवा लोकमान्य नगरात आमच्याकडे आला तो वैतागूनच. सिटी बसच्या थांब्यांचा प्रोग्रॅम रस्ट भाषेत लिहीत होता. "मामा, राजवाड्याचा थांबा हातात धरलाय आणि यादीत नुसता विजयनगर जोडायचाय, तर ई०५०२ एरर येतो. या भाषेत काही बदलताच येत नाही!"

हा गैरसमज मी बऱ्याच जणांकडून ऐकला आहे. रस्टचा नियम एवढाच आहे : एखादी गोष्ट एकाच वेळी कितीही जणांनी बघावी, किंवा एकट्याने बदलावी. दोन्ही एकदम चालणार नाही; ई०५०२ हेच सांगतो. का, ते भाच्याला घरच्याच मुंजीवरून पटलं.

त्या दिवशी तो पंगतीत वाढत होता. मावशीने बजावलं होतं, "खिडकीजवळच्या पानावर श्रीखंड वाढू नकोस, आजोबांना मधुमेह आहे." तेवढ्यात माणसं वाढली, खोली पुरेना, म्हणून सगळी पंगत त्याच क्रमाने शेजारच्या हॉलमध्ये हलवली. तिथेही एक खिडकी होती. तिच्याजवळ बसलेलं पोर श्रीखंडावाचून राहिलं आणि आजोबांच्या वाटीत भरभरून पडलं. मावशीने "सातवं पान" म्हटलं असतं तर चूक झाली नसती.

वाढत जाणारी यादी, म्हणजे रस्टमधला व्हेक, मेमरीत अशीच बसते. चार जागा भरल्या आणि पाचवा आला की आठ जागांची सोय करावी लागते. शेजारी मोकळी जागा नसेल, तर सगळे घटक दुसरीकडे नेऊन जुनी जागा परत केली जाते. जुना पत्ता धरून बसलेला संदर्भ, म्हणजे घटकाकडे बोट दाखवणारी खूण, आता भलत्याच ठिकाणी बघतो. सी आणि सी प्लस प्लसमध्ये हे मुकाट्याने घडून जातं. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं होतं की त्यांच्याकडे दरवर्षी दुरुस्त होणाऱ्या सुरक्षा त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या अशा गफलतींतून येतात. रस्टचा कंपायलर, म्हणजे कोड तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, तिथेच हात धरतो.

पण बघणारे अनेक असताना बदल हवाच असेल, तर रस्टमध्ये 'आतून बदल' करायची सोय आहे. रेफसेल नावाचा डबा प्रोग्रॅम चालू असताना हिशेब ठेवतो, आत्ता किती जण वाचताहेत, कुणी लिहितंय का. यादीवर तो घातला की एका थांब्यासाठी सगळी यादीच अडकते. फेरी मारता मारता नवा घटक जोडायला गेलात, तर प्रोग्रॅम जागीच थांबतो.

मला मनापासून आवडतो तो दुसरा, साधा डबा, सेल. त्याची अट साधी आहे : भरलेली वाटी ठेवा, जुनी उचला, पण वाटीत बोट बुडवून कुणी बसायचं नाही. आतल्या वस्तूचा संदर्भ बाहेर जातच नाही, म्हणून ती बदलल्याने कुणाची फसगत होत नाही. ऑगस्ट २०१९ मधल्या रस्टच्या १.३७ आवृत्तीपासून ठरलेल्या लांबीच्या यादीकडे, म्हणजे आख्ख्या अ‍ॅरेकडे 'सेलची रांग' म्हणून बघता येतं. पानं तेवढीच, जागा त्याच, वाट्या मात्र कुणीही बदलाव्या. दोन थ्रेड्समध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या एकाच वेळी चालणाऱ्या दोन कामांमध्ये, सेल वाटून घेता येत नाही, तिथे म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) किंवा एका झटक्यात बदलणारे अ‍ॅटॉमिक लागतात.

राहिला प्रश्न पानं वाढवण्याचा. त्यावरची युक्ती फार देखणी आहे : पंगत हलवायचीच नाही, शेजारी दुप्पट मोठी नवी मांडायची. पहिला तुकडा, म्हणजे पहिली पंगत, ३२ जागांचा, मग ६४, मग १२८. बसलेला घटक कधीच उठत नाही, म्हणून त्याचा संदर्भ धरलेला असतानाही नवा घटक जोडता येतो. मग १०० क्रमांकाचा घटक शोधायचा कसा? मोजणी शून्यापासून धरा. १०० मध्ये ३२ मिळवा, १३२ आले. द्विमान पद्धतीत ते १००००१००. सर्वांत डावीकडचा १ म्हणजे १२८, म्हणून १२८ जागांचा तुकडा. उरले ४, म्हणून त्यातली ४ क्रमांकाची जागा. डावीकडचा १ शोधायला प्रोसेसरकडे स्वतंत्र सूचना असते, त्यामुळे यादी कितीही लांब असली तरी शोधायला तेवढाच वेळ. किंमत दोन गोष्टींची : घटक सलग राहत नाहीत, आणि संदर्भ बाहेर असेपर्यंत मधला घटक काढता येत नाही.

हे सगळं आत अनसेफसेल या रस्टच्या मूळ प्रकारावर उभं आहे. तुकड्यांची यादी लिहिणाऱ्याला सहसा 'अनसेफ' कोड लिहावा लागतो, आणि तिथे कंपायलर सगळं तपासू शकत नाही. म्हणून "रस्टमध्ये लिहिलंय, म्हणजे बिनधोक" ही जाहिरातबाजी मला सर्व्हरला लिंबू-मिरची बांधण्याइतकीच चुकीची वाटते. तर्कातली चूक रस्टमध्येही होते, मेमरीची गळतीसुद्धा (घेतलेली जागा परतच न होणं) होऊ शकते. तो अनसेफ तुकडा कुणीतरी नीट वाचून, तपासून घ्यावाच लागतो.

भाच्याने त्याच रात्री थांब्यांची यादी तयार, तपासलेल्या तुकड्यांच्या यादीवर नेली. प्रत्येक थांब्यावरच्या बसची संख्या सेलमध्ये ठेवली. राजवाड्याचा संदर्भ हातात ठेवून त्याने विजयनगर जोडलं, कंपायलर काही बोलला नाही, आणि राजवाड्याच्या बस तीनवरून चार झाल्या.