वानर

वानर हा भारतीय उपखंडात आढळणारा, काळ्या तोंडाचा, करड्या अंगाचा, लांब शेपटीचा आणि मुख्यतः पाल्यावर जगणारा सस्तन प्राणी आहे. त्याला हनुमान लंगूर असेही म्हणतात. बोलताना ‘माकड’ आणि ‘वानर’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. रानाच्या कडेने राहणारा मराठी माणूस मात्र तांबूस तोंडाच्या, गालाच्या पिशव्यांत दाणे कोंबणाऱ्या प्राण्यालाच माकड म्हणतो आणि काळतोंड्याला वानर. हा भेद शास्त्रालाही धरून आहे. माकडाला गालात पिशव्या असतात, वानराला त्या नसतात. त्याऐवजी त्याचे पोट अनेक कप्प्यांचे असते, आणि त्याची राहणी समजून घ्यायची तर सुरुवात या पोटापासूनच करावी लागते.

भारतातील सर्व करडी वानरे पूर्वी सेम्नोपिथेकस एंटेलस या एकाच जातीत गणली जात. २००१ साली प्राण्यांच्या वर्गीकरणाचे अभ्यासक कॉलिन ग्रोव्ह्ज यांनी त्यांच्या सात जाती मानल्या. त्यांची नेमकी संख्या अजूनही वादाची आहे. राजस्थानच्या कोरड्या टेकड्यांपासून सह्याद्रीच्या दाट रानापर्यंत आणि हिमालयात सुमारे ४,००० मीटर उंचीपर्यंत ही वानरे राहतात. चालताना शेपटी कशी धरली आहे यावरूनही त्यांचे दोन गट ओळखता येतात. उत्तरेकडील वानरांची शेपटी पाठीवरून कमान घेऊन डोक्याकडे वळते, तर दक्षिणेकडील वानरांची मागच्या बाजूला झुकते. या दोन प्रकारांची सरहद्द दख्खनच्या पट्ट्यातून जात असल्याने महाराष्ट्रातील निरीक्षकाने ही खूण आवर्जून पाहावी.

पाला मुबलक असतो, पण पचायला जड असतो. वानराच्या जठराच्या पुढच्या कप्प्यांत असंख्य जिवाणू असतात आणि ते पानांतील तंतू आंबवून त्यांचे विघटन करतात. गाईगुरांच्या पोटात चालते तशीच ही क्रिया आहे, फरक एवढाच की वानर रवंथ करीत नाही. आंबवण्यास वेळ लागतो, म्हणून सकाळी आणि दुपार कलल्यावर चरणे व मधल्या वेळेत सावलीच्या फांदीवर पाय लोंबकळत सोडून बसणे असा त्याचा दिवस जातो. पाहणाऱ्याला तो आळस वाटतो, प्रत्यक्षात तो पचनाचा काळ असतो. कोवळी पालवी, कळ्या, वड-उंबराची फळे, पळसाची व मोहाची फुले, शेंगा आणि प्रसंगी किडेही तो खातो. हे काही नसेल तेव्हा माकडाला न पचणाऱ्या जून पानांवर दिवस काढतो. पाण्याची बरीचशी गरज पानांतील ओलाव्यावर भागते, त्यामुळे उन्हाळ्यात पाणवठे आटले तरी तो तग धरतो.

खाण्याची ही पद्धत सांडलवंडीची असते. एखादी डहाळी मोडायची, शेंड्याची चार पाने खायची आणि उरलेली खाली टाकायची, असे चालू असताना झाडाखाली चितळांचा कळप हा पाला वेचताना दिसतो. मध्य प्रदेशातील कान्हा येथे या सोबतीचा बारकाईने अभ्यास झाला आहे. चितळाला उंचावरचा चारा मिळतो आणि धोक्याची सूचना दोघांनाही मिळते. वानराची नजर दूरवर पोचते, तर चितळाचे नाक तिखट असते. वाघ वा बिबट्या दिसताच वानर घशातून ‘खॉक्, खॉक्’ असा तुटक आवाज काढते. ताडोब्यातले गाईड याला ‘कॉल’ म्हणतात आणि चितळाच्या कॉलपेक्षा त्यावर अधिक भरवसा ठेवतात. बिबट्या झाडावर चढू शकत असल्याने रात्री टोळी उंच झाडांच्या शेंड्यांकडे मुक्कामाला जाते.

टोळीत साधारणपणे पंधरा ते चाळीस वानरे असतात, क्वचित शंभराहूनही अधिक. माद्या जन्मभर जन्माच्या टोळीतच राहतात, नर बाहेर पडतात. म्हणून टोळी खऱ्या अर्थाने आजी, मावश्या आणि बहिणींची असते. गर्भावस्था सुमारे साडेसहा महिन्यांची असून बहुधा एकच पिल्लू होते. त्याचे अंग काळपट आणि चेहरा गुलाबी असतो. जन्मल्यापासून काही तासांतच इतर माद्या ते मागू लागतात. एकीने ओढून घ्यावे, दुसरीने हुंगावे, तिसऱ्या अननुभवी तरुणीने उलटे धरावे आणि ते किंचाळले की आईने येऊन परत घ्यावे, असा प्रकार दिवसभर चालतो. नाकातोंडात पाणी जाऊ लागले की माकडीण पिल्लाला पायाखाली घेते, ही कथा आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे, पण रानातील निरीक्षण तिला दुजोरा देत नाही. मेलेले पिल्लू सुकेपर्यंत कित्येक दिवस उराशी धरून हिंडणाऱ्या वानरी अभ्यासकांनी पाहिल्या आहेत.

टोळीच्या प्रमुख नराला मराठीत हुप्प्या म्हणतात. पहाटे त्याचा घुमणारा हुप्प-हुप्प आवाज दूरवर ऐकू येतो आणि शेजारच्या टोळ्यांना त्याची जागा कळते. त्याचे राज्य बहुधा काही वर्षांचेच असते, कारण टोळीबाहेरचे नर गट करून हिंडतात आणि संधी मिळताच हल्ला करतात. जिंकलेला नवा नर पुष्कळदा अंगावर पिणारी पिल्ले मारतो. जपानी अभ्यासक युकिमारू सुगियामा यांनी १९६० च्या दशकात धारवाडजवळ हे प्रथम नोंदवले. राजस्थानातील माउंट अबूच्या वानरांचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ सारा हर्डी यांनी त्याचा अर्थ असा लावला की, पिल्लू गेल्यावर मादी लवकर माजावर येते आणि नव्या नराची संतती वाढते. अतिगर्दीने बिथरलेल्या प्राण्यांचे हे वर्तन आहे, असा आक्षेप बरीच वर्षे घेतला गेला. नेपाळमधील रामनगर येथील वानरांच्या डीएनए तपासणीत, १९९९ साली, हल्ला करणारे नर त्या पिल्लांचे बाप नसल्याचे आढळले आणि हर्डी यांच्या मताला बळ मिळाले. माद्याही मुकाट पाहत नाहीत. अनेक जणी, विशेषतः म्हाताऱ्या वानरी, एकत्र येऊन नरावर तुटून पडतात. या म्हाताऱ्यांचा खाण्याच्या जागेवरील मान तरुणींपेक्षा कमी असतो, तरी पिल्लासाठी पुढे त्याच होतात, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वानराला संरक्षण आहे आणि मारुतीच्या नात्यामुळे लोकही त्याला सहसा इजा करीत नाहीत. रानाला लागून असलेल्या बागायतीत मात्र त्याचा उपद्रव खरा आहे आणि शेतकऱ्याची त्याबद्दलची तक्रार रास्त आहे. देवस्थानांच्या पायऱ्यांवर व घाटरस्त्यांवर भाविक केळी, बिस्किटे, फुटाणे देतात, त्यामागे प्रेमच असते. परंतु साखर आणि पिठूळ पदार्थ त्या कप्प्यांच्या पोटात पाल्यापेक्षा फार वेगाने आंबतात, आम्लता वाढते आणि पाला पचवणारे जिवाणूच मरू लागतात.