अलास्काच्या हिमनद्या कधी पाहाव्यात? बर्फाचं घड्याळ सूर्याच्या मागे चालतं

अलास्काच्या आग्नेय भागात ग्लेशियर बे नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. त्याच्या पश्चिम फाट्यात, पार आत, जॉन्स हॉपकिन्स नावाची एक चिंचोळी खाडी लागते. दोन्ही बाजूंना उभे डोंगर आणि शेवटी थेट समुद्रात उतरलेली हिमनदी. मोठ्या पर्यटक जहाजांना या खाडीत १ मे ते ३१ ऑगस्ट या काळात प्रवेश नाही. मे सरता सरता आणि जूनमध्ये हार्बर सीलच्या माद्या इथल्या तरंगत्या हिमनगांवर पिल्लांना जन्म देतात. पुढे उन्हाळा उतरणीला लागला की सीलांच्या अंगावरचे जुने केस झडून नवे येतात, तेव्हाही त्यांना तासन् तास बर्फावर पडून राहावं लागतं. जहाज जवळ आलं की सील बिचकून पाण्यात उड्या टाकतात, आणि नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाची आईपासून ताटातूट होऊ शकते. म्हणून बंदी. ती १ सप्टेंबरला उठते, तेव्हा जहाजांचा हंगाम संपायला जेमतेम काही आठवडे उरलेले असतात.

ही तारीख सीलांसाठी ठरवली असली, तरी बर्फाच्या दृष्टीनंही ती फार अर्थपूर्ण आहे. अलास्काच्या सफरीसाठी सर्वांत चांगला महिना कोणता, असं विचारलं की उत्तर बहुधा जून किंवा जुलै असं येतं. ऊन असतं, दिवस मोठा असतो, हवा बरी असते. हे सगळं खरं. पण आपण बघायला निघालोय ती हिमनदी, आणि तिचं वर्ष आपल्या वर्षाच्या बरंच मागून चालतं.

सुरुवात सूर्यापासून करू. जुनो हे अलास्काच्या राजधानीचं शहर ५८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ जूनच्या आसपास तिथला दिवस सव्वाअठरा तासांचा असतो. उष्णतेचा सर्वांत मोठा पुरवठा याच काळात होतो. हवा मात्र जुलैमध्ये सर्वांत गरम होते, कारण जमीन तापायला वेळ लागतो. समुद्राचा पृष्ठभाग आणखी मागे असतो, तो ऑगस्टमध्ये कमाल तापमानाला पोचतो. फियॉर्डमधल्या, म्हणजे हिमनदीनं कोरलेल्या खोल, चिंचोळ्या खाडीतल्या, खोल पाण्याला तर शरद ऋतू उजाडावा लागतो. म्हणजे आकाशात उन्हाळा शिगेला पोचतो तेव्हा हिमनदीच्या पायाशी असलेलं पाणी अजून वसंतातच असतं.

हे पायाशी असलेलं पाणीच इथे कळीचं आहे. एवढ्याच घनफळाच्या हवेच्या तुलनेत पाणी तीन हजार पटींहून अधिक उष्णता वाहून नेऊ शकतं. समुद्राला टेकलेल्या हिमनदीचा कडा वरून उन्हानं वितळतो तो थोडा. खरी झीज पाण्याखाली होते. पाणी बुडाशी बर्फ खात जातं, वरचा भाग आधाराविना पुढे झुकतो आणि एका क्षणी इमारतीएवढा तुकडा सुटून खाली येतो. जहाजांच्या माहितीपत्रकात ज्याला ‘काव्हिंग’ म्हणतात ते हेच. ग्लेशियर बे ही ज्यांची मूळ भूमी, ते ट्लिंगिट लोक या आवाजाला ‘पांढरा गडगडाट’ म्हणतात. आवाज उशिरा येतो, हेही लक्षात ठेवा. जहाज कड्यापासून एक किलोमीटरवर उभं असेल तर तुकडा पडताना दिसल्यावर सुमारे तीन सेकंदांनी तो ऐकू येतो. आवाज ऐकून मान वळवणाऱ्याला फक्त उडालेलं पाणी दिसतं.

हे कोसळणं वर्षात नेमकं कधी वाढतं? याचं सुरेख उत्तर स्वालबार्डमधून मिळालं. ते आर्क्टिकमधलं नॉर्वेचं द्वीपसमूह आहे. तिथल्या तीन हिमनद्यांवर उपग्रहांनी नजर ठेवून केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. कडा किती वेगानं तुटतो याचा सर्वांत जवळचा संबंध हवेच्या तापमानाशी नव्हता, तर २० ते ६० मीटर खोलीवरच्या समुद्राच्या तापमानाशी होता. पाणी गरम तेवढी तूट जास्त, जवळजवळ सरळ रेषेत. आणि ते पाणी उन्हाळ्यात नव्हे, शरदाच्या तोंडावर सर्वांत गरम होत होतं.

अलास्काचे फियॉर्ड स्वालबार्डपेक्षा वेगळे आहेत, तिथे पाऊस जास्त आणि पाणीही उबदार. तरी कल तोच दिसतो. पीटर्सबर्ग गावाजवळची लकाँट हिमनदी ही उत्तर गोलार्धात समुद्राला मिळणारी सर्वांत दक्षिणेकडची हिमनदी. संशोधकांनी ऑगस्ट २०१६ आणि मे २०१७ मध्ये होडीतून सोनार (ध्वनिलहरींनी पाण्याखालचं मोजणारं यंत्र) लावून तिच्या पाण्याखालच्या कड्याचे नकाशे पुन्हा पुन्हा काढले. तोवर कड्याची पाण्याखालची वितळ कोणी अशी प्रत्यक्ष मोजलेली नव्हती. सगळी भिस्त सिद्धांतावर होती. मोजल्यावर कळलं की कड्याच्या काही भागांत बर्फ सिद्धांताच्या शंभर पटींपर्यंत वेगानं वितळतो आहे, आणि वसंतापेक्षा उन्हाळ्याच्या अखेरीस हा वेग जास्त आहे. कोसळत्या कड्यासमोर छोट्या होडीतून असं काम करणं म्हणजे जीव मुठीत धरून करणं. त्या आकड्यांचं मोल मला म्हणूनच मोठं वाटतं.

एवढं वितळतं कसं, याचं एक कारण हिमनदीच्या पोटातच दडलेलं आहे. उन्हाळ्यात वरचं वितळलेलं पाणी भेगांतून आणि विवरांतून खाली उतरतं, तळाशी बोगदे कोरतं आणि कड्याच्या बुडाशी, समुद्राच्या आत, बाहेर पडतं. हे पाणी गोडं, म्हणून खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं. ते कड्याला घासत सरळ वर उसळतं आणि वर येताना आजूबाजूचं कोमट खारं पाणी ओढून बर्फावर आणून टाकतं. दुसरं कारण हवेचे बुडबुडे. हिमनदीचा बर्फ हा थरावर थर दाबून झालेला, त्यामुळे त्यात जुनी हवा दाबाखाली कोंडलेली असते. बर्फ वितळताना ती हवा फुटून बाहेर येते आणि कड्यालगतचं पाणी घुसळते. असा बुडबुड्यांचा बर्फ बुडबुडे नसलेल्या बर्फापेक्षा सव्वादोन पट वेगानं वितळतो, हे २०२३ मध्ये प्रयोगांतून दिसलं.

मग मे महिन्यात हिमनदी नुसती पडून असते का? मुळीच नाही. उलट वेगाचा विचार केला तर बऱ्याच हिमनद्या वसंताच्या अखेरीस आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला सर्वांत जोरात सरकतात. वितळलेलं पहिलं पाणी तळाशी पोचतं तेव्हा बोगदे अजून तयार झालेले नसतात. पाणी तुंबतं, दाब वाढतो, आणि बर्फ त्या पाण्यावरून घसरू लागतो. पुढे बोगदे रुंदावले की पाणी सुरळीत वाहून जातं आणि हिमनदी मंदावते. सरकण्याचा वेग असा जास्त, समुद्र अजून गार, तूट कमी. या तिन्हींचा मेळ बसला की कडा पुढे येतो. याकुटाट गावाजवळची हबर्ड हिमनदी हे त्याचं जिवंत उदाहरण. १२२ किलोमीटर लांबीची ही हिमनदी समुद्राला मिळणाऱ्या उत्तर अमेरिकेतल्या हिमनद्यांत सर्वांत मोठी. बहुतेक हिमनद्या मागे हटत असताना ही गेली शंभरहून अधिक वर्षं पुढे येते आहे. तिनं शेजारच्या रसेल फियॉर्डचं तोंड दोनदा बंद केलं: १९८६ च्या मे महिन्यात आणि २००२ च्या जूनमध्ये. दोन्ही वेळा वसंत सरतानाच, हे लक्षात घ्या. १९८६ मध्ये अडलेल्या पाण्याची पातळी सुमारे २५ मीटर चढली आणि ऑक्टोबरमध्ये बांध फुटला.

हबर्डला जाणाऱ्यांसाठी यात एक व्यावहारिक सूचना आहे. हंगामाच्या सुरुवातीला कड्यासमोरचा उपसागर तरंगत्या बर्फानं गच्च भरलेला असू शकतो. पाणी गार असल्यानं तुकडे लवकर विरघळत नाहीत. अशा वेळी कप्तान जहाज दूरच उभं करतो, कधी मागेही फिरवतो. मेमध्ये गेलात आणि कडा धुक्याच्या रेघेसारखा लांब दिसला तर तो कप्तानाचा कमकुवतपणा नव्हे, त्याचा शहाणपणा समजा.

तरीही मे महिन्याची एक बाजू भक्कम आहे. आग्नेय अलास्कात पाऊस भरपूर, पण एप्रिल ते जून हा त्यातल्या त्यात कोरडा काळ. सप्टेंबर-ऑक्टोबर सर्वांत ओले. मेमध्ये डोंगर अजून बरेच खालपर्यंत पांढरे असतात, आणि वितळ कमी असल्यानं फियॉर्डच्या पाण्यात गाळही कमी असतो. जुलैनंतर हेच पाणी हिमनदीनं दळलेल्या दगडाच्या पिठामुळे दुधाळ राखाडी होतं. हिमनदीच्या अंगावरही फरक पडतो. ताजं हिम सूर्यप्रकाशाचा ८० टक्क्यांहून अधिक भाग परत पाठवतं. ते वितळून खालचा मळकट बर्फ उघडा पडला की बरंचसं ऊन शोषलं जातं आणि वितळ आणखी वाढते. त्यामुळे ऑगस्टमधली हिमनदी फोटोत धुळकट, सुरकुतलेली दिसते. काहींचा हिरमोड होतो. मला मात्र तिचे गाळाचे काळे पट्टे बघायला जास्त आवडतात, कारण कोणती उपहिमनदी (मुख्य हिमनदीला मिळणारी छोटी हिमनदी) कुठे येऊन मिळाली हे त्या पट्ट्यांवरून वाचता येतं.

निळ्या रंगाबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. बर्फ निळा दिसण्यासाठी निळं आकाश लागत नाही. दाट बर्फातून जाताना प्रकाशातला तांबडा भाग शोषला जातो आणि निळा उरतो. लख्ख उन्हात पृष्ठभागाची पांढरी चकाकी या निळाईवर मात करते. ढगाळ दिवशी ती चकाकी नसते, आणि बर्फ आतून दिवा लावल्यासारखा दिसतो. नुकत्याच तुटलेल्या जागी रंग सर्वांत गडद. म्हणजे पावसाळी सप्टेंबर, ज्यात तूटही जास्त, तो निळाईसाठी वाईट नाही, चांगलाच आहे.

प्राण्यांचं वेळापत्रक आणखी निराळं. हवाईच्या उबदार पाण्यात हिवाळा काढून आलेले हंपबॅक देवमासे जून ते ऑगस्टमध्ये सर्वाधिक दिसतात. जुलैपासून सॅमन मासे नद्यांत शिरले की अस्वलं काठावर येतात. रात्री पुरेशा काळोख्या होतात त्या ऑगस्टच्या अखेरपासून, त्यामुळे ध्रुवीय प्रकाश बघायची आस असेल तर जूनमध्ये ती पुरी होणार नाही.

जुनोमध्ये ऑगस्टची दुसरी एक बाजूही आहे. शहरालगतच्या मेंडेनहॉल हिमनदीच्या कडेला एक खोलगट जागा आहे. तिच्यातली उपहिमनदी मागे हटल्यानं ती मोकळी झाली आणि आता तिथे दर उन्हाळ्यात पाणी साठतं. मुख्य हिमनदीचा बर्फ त्याचा बांध होतो. मग पाणी बर्फाखालून वाट काढतं आणि नदीला अचानक पूर येतो. २०२३, २०२४ आणि २०२५, तिन्ही वर्षी ऑगस्टमध्ये असा पूर आला आणि प्रत्येकानं आधीचा उच्चांक मोडला. २०२३ मध्ये काठावरची घरं वाहून गेली. पर्यटक ज्या हिमनदीसमोर फोटो काढतो, तिच्या खालच्या वस्तीतले लोक त्याच आठवड्यात पाण्याच्या पातळीकडे डोळे लावून बसलेले असतात.

मग जावं तरी कधी? कुटुंबासोबत, वृद्ध माणसांना घेऊन, पावसाची शक्यता टाळून जायचं असेल तर मेचा उत्तरार्ध ते जूनचा मध्य. देवमासे हवे असतील तर जुलै. पण बर्फ हालताना, तुटताना बघायचा असेल, तर मी ऑगस्टचे शेवटचे दिवस ते सप्टेंबरचा मध्य हाच काळ सुचवेन. पाऊस सोसावा लागेल, आणि हबर्डकडे जाताना अलास्काच्या आखातात शरदातली वादळं सुरू झालेली असण्याची तयारी ठेवावी लागेल. ग्लेशियर बेमध्ये दिवसाला दोनच मोठी जहाजं सोडतात, तेव्हा सफर निवडताना त्या यादीत आपलं जहाज आहे ना, हे आधी बघा.

कोणत्या वर्षी जाता यालाही महत्त्व आहे. १७९४ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकुव्हरच्या मोहिमेतल्या लोकांनी पाहिलं तेव्हा ग्लेशियर बेचा उपसागर जवळपास नव्हताच. त्या जागी बर्फाची भिंत होती. १८७९ मध्ये निसर्ग अभ्यासक जॉन म्यूर आला तोवर ती ४८ किलोमीटरहून अधिक मागे सरली होती. १९१६ पर्यंत ग्रँड पॅसिफिक हिमनदी मुखापासून १०५ किलोमीटर आत गेली होती. आज या उद्यानात समुद्राला टेकलेल्या हिमनद्या मोजक्याच उरल्या आहेत. म्यूरचं नाव लाभलेली हिमनदी विसाव्या शतकाच्या अखेरीस पाण्यातून पूर्ण मागे हटली. ती आता जमिनीवर संपते.

कड्यासमोर पोचल्यावर नजर कुठे ठेवायची तेही सांगतो. कड्याच्या पायथ्याशी जिथे पाणी गढूळ होऊन वर उसळत असेल आणि त्यावर किटीवेक जातीच्या कुरवांचे थवे घिरट्या घालत असतील, ती जागा शोधा. तिथेच हिमनदीच्या पोटातलं पाणी बाहेर येतंय. ते खोलातलं क्रिल (कोळंबीसारखे बारीक जीव) वर आणतं, म्हणून पक्षी जमतात. बुडाची झीजही तिथेच जास्त, तेव्हा वरचा कडा तुटण्याची शक्यता मोठी. आणि जहाजाची इंजिनं मंदावली की थोडा वेळ कोणाशी बोलू नका. आजूबाजूच्या हिमनगांतून बारीक तडतड ऐकू येते, लाह्या फुटल्यासारखी. ते हवेचे बुडबुडे. पाण्याखाली हायड्रोफोन (पाण्यातला आवाज टिपणारा माइक) सोडून मोजलं तेव्हा असे फियॉर्ड महासागरातल्या सर्वांत गोंगाटाच्या जागांपैकी निघाले. शिकारी ओर्का देवमाशांना आपला माग लागू नये म्हणून सील या गोंगाटाचा आडोसा घेत असावेत, असा संशोधकांचा कयास आहे.